पंखातला बद्द आवाज

कुपवाडच्या एका कारखान्यात विजयमाला वीस वर्षं फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवत होती. पुढं कराडच्या इंजिनिअरिंगची पोरं येऊ लागली आणि ती त्यांच्या रिमोटवरच्या विमानांचे पंखही करू लागली. दोन वर्षांपूर्वी कोरेगावजवळच्या माळावर तिच्या हातचा एक पंख हवेत तुटला. सात किलोचं विमान भाल्यासारखं खाली आलं आणि शेंगा निवडत बसलेल्या बाईपासून हातभर अंतरावर रुतलं. बाईला खरचटलंही नाही. विजयमालाच्या मनातून मात्र ते गेलं नाही.

तेव्हापासून ती प्रत्येक पंख नाण्यानं ठोकून बघायची. थर घट्ट चिकटलेले असले की आवाज टणक येतो, आत पोकळी राहिली की बद्द.

गेल्या फेब्रुवारीत त्या पोरांपैकी जयराज पंख न्यायला आला. दुसऱ्या दिवशी स्पर्धा होती. पंख आरशासारखा लखलखत होता; पण जिथं तो विमानाला जोडायचा, तिथंच नाणं बद्द वाजलं.

"ह्यो न्यायचा न्हाई."

"आवं मावशी, उद्या स्पर्धा हाय! वजन टाकून तर बघू."

त्यानं पंख उलटा करून मधोमध आवळला, दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवल्या. पंख वाकला, पण तुटला नाही.

"बघा! तुमी उगंच भ्याला."

मालक बाळासोही म्हणाले, "दे की गं आता."

आपल्यालाच वेड लागलंय का, असं तिला वाटलं. "एकदा पेललं म्हंजी झालं का? वर धक्क्यावर धक्के बसत्यात," असं म्हणत तिनं ग्राइंडर उचलला आणि पंख कापला.

जयराज ओरडलाच. पण आतलं फायबरचं कापड पांढरं, कोरडं होतं. थर चिकटवणारं रेझिन तिथवर पोचलंच नव्हतं. नखानं थर सुटत होते. भाचीच्या साखरपुड्याला जायच्या घाईत त्या जागी रेझिन मुरवायला रोलर फिरवायचा राहिला होता, हे तिला आठवलं.

"चूक माझीच रं."

जयराजचा चेहरा उतरला. "पैल्या रांगेत आई बसणार हुती," तो हळूच म्हणाला.

स्पर्धा हुकली. आठ दिवसांनी तिनं केलेला नवा पंख लावून विमान कराडच्या मैदानावर उडालं. सगळे वर बघत होते. विजयमाला मात्र खाली कोण कुठं उभं आहे, तेच बघत राहिली. विमान सुखरूप उतरलं, टाळ्या पडल्या. ती तिथंच गवतात बसली आणि जयराजला म्हणाली, "परत उडवायच्या आधी पंख मला दाव."