जुन्या मशीनला लिनक्स

साल २०२५. मला त्र्याहत्तर. डिचोली बाजारात पुतण्याचं छपाईचं दुकान, आणि मराठी टायपिंगच्या खुर्चीत मी. त्या सकाळी पुतण्या उदय माझ्या मशीनकडं बोट दाखवून म्हणाला, "काका, ह्येच्या विंडोजाचे अपडेट बंद झाले. नवीन मशीन घेतंय. त्यार एक चेडू बसतला, नवीन कीबोर्ड शिकलेला."

"खुर्ची त्या पोरीला. आणि मी?"

"तू घरा ऱ्हव. आराम कर."

मी चौथी शिकलेला. छपाईचे शिशाचे खिळे जुळवले, मग टाइपरायटर, मग कॉम्प्युटर. आराम हा शब्द मी फक्त टाइप केलाय.

"विंडोजच्या जागी लिनक्स घालतो," मी म्हटलं. सूनबाई तुये गावात एका कंपनीत कॉम्प्युटर बघते, तिच्याकडून नाव ऐकलेलं.

उदय हसला. "उद्या सकाळी मये गावचे नाटकवाले येतले. त्यांचा हँडबिल तुझ्या लिनक्सावर करून दाखय. मगे खुर्ची तुझी."

लिनक्स फुकट मिळतं, पण एकाच रूपात नाही. पीठ एकच असलं तरी एक पोदेर, म्हणजे पाववाला, गोल उंडे भाजतो, दुसरा बांगडीसारखी कांकणं. तसंच हे. प्रत्येक प्रकाराला डिस्ट्रो म्हणतात.

सूनबाईला सुट्टी होती. तीन पेनड्राइव्हवर तीन डिस्ट्रो घेऊन आली. माझं जुनं काम तिनं आधी वेगळ्या हार्डडिस्कवर काढलं. पेनड्राइव्हवरून मशीन नुसतं चालवून बघता येतं, त्याला लाइव्ह म्हणतात.

"बाबा, दिसायला कुठलं आवडतं?"

"दिसणं नको. प्रूफ काढू."

माझी बोटं टाइपरायटरच्या कीबोर्डावर, म्हणजे अक्षरांच्या जुन्या जागांवर, बसलेली. ती तशीच चालायला हवीत, आणि जुना प्रिंटरही चालायला हवा. उबुंटू देखणं, पण दोन जीबी रॅमला झेपेना. दोष माझ्या मशीनचा. मिंट ओळखीचं वाटलं, पण टायपिंगची खिडकी उघडली की माउस अडखळे. सूनबाईला तेच हवं होतं.

"रॅम वाढवू या."

"आज नाही."

तिसरं डेबियन. हलकं, सजावट नाही. तिनं नेटवरून टाइपरायटरचा कीबोर्ड चढवला. मी 'श्रीक्षेत्र' टाइप केलं. बोट अडलं नाही. प्रिंटरनं कागद सोडला.

जाताना ती म्हणाली, "बाबा, हे अजून बसवलेलं नाही. आधी बसवा, मग काम."

मला घाई. अठरा पात्रांची नावं टाइप केली, क्रमासकट. राजाच्या आधी प्रधान छापला तर राजा भांडायला येतो. सेव्हही केलं. एक वाजला. आमच्याकडं एकला दुकान बंद, चारला उघडतं. सवयीनं मेन स्विच खाली केला.

चारला बघतो तर हँडबिल नाही, कीबोर्डही नाही. लाइव्ह चालतं ते रॅममध्ये, वीज गेली की सगळं पुसलं जातं.

उदय मागून म्हणाला, "काय काका, लिनक्स जेवूक गेला?"

मी बाहेर जाऊन सूनबाईला फोन लावला.

"मी सांगितलं होतं, बाबा."

"ऐकलं होतं. आता पुढचं सांग."

फोन कानाला धरूनच मशीनसमोर येऊन बसलो. ती सांगत गेली, मी बटणं दाबत गेलो. मशीननं 'डिस्क पुसू का' विचारलं, हो म्हटलं. डेबियन कायमचं बसलं. पुन्हा कीबोर्ड, पुन्हा प्रिंटर, पुन्हा अठरा नावं. साडेसात वाजले. या वेळी मशीन नीट बंद केलं, मग स्विच.

डिस्ट्रो निवडायला अर्धा दिवस पुरतो. पण बसवलंय की नुसतं चाखतोय, हे काम सुरू करण्याआधी स्वतःला विचारावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उदयच्या आधी पोचलो. शटर अर्धंच वर करून मशीन चालू केलं. हँडबिल जागेवर होतं. एक प्रत काढून उदयच्या टेबलावर ठेवली, शटर पूर्ण वर ढकललं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाची लग्नपत्रिका टाइप करायला बसलो.