नाकावर बिस्कीट पेलणाऱ्या कुत्र्याच्या ताब्याबाबत

अर्जदार : शिरूरच्या तालुका कचेरीसमोर टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहिणारा इसम, वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, शिक्षण इयत्ता नववी, अनुभव त्याच्या कितीतरी पट, राहणार तळेगाव ढमढेरे.

सामनेवाले : अर्जदाराच्या पत्नीचे थोरले बंधू, बागायतदार, गावच्या सोसायटीचे माजी चेअरमन, राहणार राहू, तालुका दौंड.

वादाचा विषय : एक कुत्रा, नर, रंग तांबडा, उजवा कान मोडका.

घटनेचे दिवस : पहिला, भाऊबीज. दुसरा, संक्रांतीनंतरचा रविवार.

साक्षीदार : एक, अर्जदाराची पत्नी. ती सामनेवाल्यांची सख्खी बहीण असल्याने तिची साक्ष दोन्ही बाजूंनी धरावी. दोन, सामनेवाल्यांच्या पत्नी, ज्या प्रत्यक्ष घटनेच्या वेळी चुलीपुढे बसलेल्या होत्या.

नावे मुद्दामच टाकलेली नाहीत, कारण सर्व पक्षकार वर्षातून चार वेळा एकाच पंगतीला जेवतात. कुत्र्याला नाव होते. पण ते हाक मारण्यासाठी होते, कागदावर चढवण्यासाठी नव्हे. अर्जदार म्हणजे मी. यापुढे 'मी' असेच लिहीन. आयुष्यभर दुसऱ्यांची गाऱ्हाणी लिहिली, हे पहिलेच स्वतःचे आहे, तेव्हा एवढी मोकळीक असावी.

हे पिल्लू शिरूरच्या बसस्थानकापासून माझ्या मागे आले आणि माझ्या टेबलाखाली बसले. मी त्याला बोलावले नव्हते आणि हाकललेही नाही. संध्याकाळी स्कूटर सुरू केली तेव्हा ते माझ्या पायांपाशी चढून बसले, आणि तळेगावला घरी आल्यावर पत्नी म्हणाली, "आज कचेरीतनं एवढंच मिळालं व्हय?" त्या दिवसापासून ते रोज माझ्याबरोबर कचेरीला येऊ लागले. हजेरीच्या बाबतीत कचेरीतल्या पुष्कळांपेक्षा सरस होते.

दोष एकच. अन्न दिसले की त्याला धीर नसे. भाऊबीजेला मेहुणे आमच्याकडे आले. पाटावर बसले, ओवाळून झाले, बहिणीने हातात करंजी दिली. मेहुण्यांनी तोंड उघडले, हात वर नेला, आणि तोंड तसेच उघडे राहिले. हातात काही नव्हते. कुत्रा दारापाशी करंजीतले सारण वेगळे करत होता.

"दाजी," मेहुणे म्हणाले, "हे कुत्रं हाय का वसुली अधिकारी?"

"पाव्हणं, लहान हाय अजून," मी म्हणालो.

"लहान? माझ्या पँटीवरचं पंजं बघा. ह्याची जागा घरात न्हाई, माझ्या उसात हाय. पान्याच्या मोटारीच्या खोलीला साखळी हाय, मोकळीच पडलीया."

साखळी मोकळी का पडली आहे, हे कोणी विचारले नाही. घरातल्या सर्वांना ठाऊक होते. तिला बांधलेले आधीचे कुत्रे बिबट्याने उचलून नेले होते, आणि त्याआधीचेही. मेहुण्यांच्या मते बिबट्या आल्याची वर्दी मिळायला रानात कुत्रे लागते. वर्दी त्यांना दोन्ही वेळा मिळाली होती, सकाळी.

मी पत्नीकडे पाहिले. ती म्हणाली, "माझं काय म्हननं न्हाई. पर दादाच्या हातातनं भाऊबीजेची करंजी जाती म्हंजी..." वाक्य तिने पुरे केले नाही. मी इतकी वर्षे अर्ज लिहितो. अपुऱ्या वाक्याचा निकाल काय लागतो ते मला कळते. म्हणून मी ताबडतोब मुदत मागितली. मुदत मागणे ही या तालुक्यात मला सर्वांत उत्तम येणारी गोष्ट आहे.

ठरले असे : संक्रांतीनंतरच्या रविवारी राहूला, मेहुण्यांच्या अंगणात, कुत्र्याच्या नाकावर बिस्कीट ठेवायचे. मेहुण्यांनी शंभर आकडे मोजेपर्यंत त्याने ते पेलले, तर कुत्रा माझा. आधी खाल्ले, तर साखळी.

"कुत्र्याला अर्ज लिहून देनार का काय?" मेहुणे जाताना हसले.

मी मोबाईलवर या विद्येचा अभ्यास केला. हिंदीत समजावणाऱ्या एका गृहस्थाचे म्हणणे असे, की जनावराला मारू नये, ओरडू नये. त्याने योग्य ते केले की त्याच क्षणी एक ठराविक आवाज करावा आणि लगेच खाऊ द्यावा. आवाज म्हणजे 'बरोबर केलेस, आता घे'. त्या गृहस्थाकडे टिकटिक करणारी डबी होती. माझ्याकडे शिक्का होता. त्याचे रबर झिजून अक्षरे गेली होती, पण लाकडी मूठ शाबूत होती आणि टेबलावर मारल्यावर 'थप' असा स्वच्छ आवाज येत असे. सरकारी कामात शिक्क्याचे महत्त्व मी जाणतो. म्हणून तोच नेमला.

पहिला आठवडा फक्त थप आणि बिस्किटाचा तुकडा, थप आणि तुकडा. आठवड्याअखेर शिक्का नुसता उचलला तरी कुत्र्याचे कान उभे राहात, मोडकासुद्धा. मग बसवायला शिकवले. मग हनुवटी माझ्या तळहातावर टेकवायची, की थप. मग हात काढून घ्यायचा, डोके तसेच राहिले की थप. मग नाकावर रिकामी काडेपेटी, एका श्वासापुरती. मग दोन श्वास. काडेपेटी पेलू लागल्यावर तिच्या जागी बिस्कीट आले.

एकदा मला घाई झाली. पाचवरून मी एकदम चाळीसवर नेले. कुत्र्याने वीसपर्यंत माझ्याकडे पाहिले, नंतर माझ्यावरचा विश्वास उडाल्यासारखे बिस्कीट खाल्ले आणि टेबलावरची काडेपेटीही फोडली. मला दोनपासून पुन्हा सुरुवात करावी लागली. त्यावेळी कळले, की जेवढा धीर धरता येईल तेवढाच मागावा, आणि धरला की लगेच दाद द्यावी. समोरच्या इमारतीत हे शास्त्र अजून पोचलेले नाही. तिथे माणसाला पहिल्याच दिवशी शंभरावर बसवतात, आणि शंभर झाले की मोजणारा जेवायला जातो.

कवठे येमाईच्या एक म्हाताऱ्या मावशी वारसनोंदीसाठी दिवाळीआधीपासून खेपा घालत होत्या. त्या माझ्यासमोर बसून कुत्र्याकडे पाहात राहिल्या. तीस झाले, थप, बिस्कीट.

"ह्याचं काम झालं?" त्यांनी विचारले.

"झालं."

"किती दिस लागलं?"

"दीड महिना."

"मग मला बी शिकवा की," मावशी म्हणाल्या. "कागुद नाकावर धरून बसते तितं आत."

ज्या कारकुनाला गाठण्यासाठी मावशी आल्या होत्या, तो पंधरा दिवस जागेवर सापडत नव्हता. कुत्र्याचा खेळ पाहायला मात्र तो स्वतः बाहेर आला आणि चांगला पाव तास उभा राहिला. मावशींनी तिथेच त्याच्या हातात कागद दिला. मी लिहिलेल्या कोणत्याही स्मरणपत्राला एवढे यश आलेले नाही.

संक्रांतीपर्यंत कुत्रा दीडशे आकडे बिस्कीट पेलू लागला. शेजारून ट्रॅक्टर गेला तरी, चहाचे ग्लास फुटले तरी, दुसरे कुत्रे भुंकले तरी त्याची नजर शिक्क्यावर असे. लाळ गळत असे, पण मान हलत नसे. मी त्या काळात थोडा ताठ चालत होतो, हे नाकारत नाही.

रविवारी मी, पत्नी आणि कुत्रा असे तिघे स्कूटरवरून भीमेचा पूल ओलांडून राहूला गेलो. मेहुण्यांनी अंगणात खुर्ची टाकून घेतली होती. शेजारचे पाच-सहा जण मुद्दाम बोलावले होते, कारण माजी चेअरमनला साक्षीदारांशिवाय बसवत नाही. मी उलटे घमेले मांडून त्याच्यावर शिक्का ठेवला, कुत्र्याला बसवले आणि नाकावर बिस्कीट ठेवले.

मेहुणे मोजू लागले. स्वतःचे पॅनेल मागे असताना मतमोजणी चालते, त्या गतीने. वीस. एकवीस. मध्येच खोकले. बावीस. "बावीस झालं का?" त्यांनी शेजाऱ्याला विचारले. "एकवीस झालं, आबा," तो निष्ठेने म्हणाला. मी हरकत घेतली नाही. कुत्रा दगडासारखा होता. साठ झाले, सत्तर झाले. पत्नीने माझ्या बाहीला धरले होते, हे माझ्या नंतर लक्षात आले.

ब्याऐंशीला पडवीतून आवाज आला. थप.

कुत्र्याने मानेला झटका दिला, बिस्कीट हवेत उडाले आणि पडायच्या आत त्याच्या तोंडात गेले. त्याने माझ्याकडे मोठ्या समाधानाने पाहिले.

वहिनींनी, म्हणजे मेहुण्यांच्या पत्नींनी, दुपारच्या जेवणासाठी पहिली भाकरी थापायला घेतली होती.

माझ्या तयारीतली ही एकच फट. पत्नीचे मनगट दुखावल्यापासून आमच्या घरी भाकरी थापली जात नाही, चपात्या लाटल्या जातात. ट्रॅक्टर, चहाचे ग्लास, कुत्री, सर्वांचा बंदोबस्त मी केला होता. परातीचा विचार मनात आला नाही.

"हरकत आहे!" मी उभा राहिलो. "इशारा सामनेवाल्यांच्या जागेतून, सामनेवाल्यांच्या माणसाने दिलेला आहे!"

"दाजी, भाकरी थापायला आता तहसीलदाराची परवानगी काढायची का?" मेहुणे म्हणाले आणि सगळे अंगण हसले. "ए, साखळी आना रं."

साखळी आली. पण कुत्रा जागेवर नव्हता. पडवीत थप, थप, थप अशी अखंड मालिका सुरू झाली होती. अडीच महिने ज्याने एकेका थपेसाठी मान ताठ ठेवली, त्याला एवढे शिक्के एका जागी पडताना कधी भेटले नव्हते. तो वहिनींच्या समोर जाऊन बसला होता, पाठ सरळ, हनुवटी वर, नाक सपाट धरलेले. नाकावर काही नव्हते. काहीतरी ठेवले जाईल, या खात्रीने तो बसला होता.

"आगं बया," वहिनी म्हणाल्या, "ह्याला काय पायजे?" त्यांनी भाकरीचा पापुद्रा मोडून फुंकला आणि त्याच्या नाकावर ठेवला. तो हलला नाही. त्यांनी पुढची भाकरी हातात घेतली. थप. पापुद्रा गेला. वहिनी इतक्या मोठ्याने हसल्या, की मेहुणे उठून पाहायला आले.

"सरका, त्याला साखळी लावायचीय."

"हात लावून बघा त्येला," वहिनी म्हणाल्या. त्यांनी मान वर केली नव्हती. "दोन कुत्री खाल्ली तुमच्या त्या खोलीनं. ह्यो हितंच बसंल, चुलीपाशी."

"आन् रानात कोन?"

"तुम्ही बसा की. तुम्हाला बी वर्दी द्यायला येतं."

माजी चेअरमनांनी साखळी खाली ठेवली. ठराव एकमताने मंजूर झाला, एवढेच मी नोंदवतो. बाजी मी हरलो होतो, त्यामुळे कुत्रा परत मागण्याचा अधिकार मला नव्हता; मेहुण्यांनी जिंकली होती, पण त्यांच्याही हाती काही आले नव्हते.

परतताना स्कूटरवर पायांपाशी जागा मोकळी होती. पुलावर पत्नी मागून म्हणाली, "मनगट जाईस्तोवर भाकऱ्या थापल्या मी. एकदा तरी बिस्कीट दिलंत का?" सोमवारी बिस्किटाचा पुडा घरी नेला. तिने तो कपाटात ठेवला, फोडलेला नाही.

महिनाभराने मी एकटाच राहूला जाऊन आलो. कुत्र्याचे अंग भरले आहे. मला पाहून तो धावत आला, शेपटीने सगळे शरीर हलवले, माझा उजवा खिसा हुंगला, मग डावा. दोन्ही रिकामे होते. तेवढ्यात पडवीत थप झाले आणि तो गेला. तो माझ्याकडे आला होता की खिशाकडे, हे मला समजले नाही. घरी येऊन पुष्कळ विचार केला, तरी समजले नाही. त्याने बिबट्याच्या तोंडी जाऊ नये एवढ्यासाठीच मी ही विद्या केली, आणि तो गेला नाही. मग तक्रारीला कारण उरत नाही, असे माझ्याच टेबलावर कोणी आले असते तर मी त्याला सांगितले असते. तरी टेबलाखाली पाय लांब करता येतात, ही सोय मला मानवत नाही.

तेव्हा ज्यांच्याकडे आता प्रत्यक्ष ताबा आहे त्या वहिनींना हात जोडून मागणे असे : एखाद्या दुपारी, चूल विझल्यावर आणि परात उपडी घातल्यावर, कुत्र्याला अंगणाच्या मधोमध आणावे. एका बाजूला आपण बसावे, दुसऱ्या बाजूला मी बसेन. आपल्या हातात भाकरी नसावी, माझ्या खिशात बिस्कीट नसेल आणि शिक्का मी शिरूरलाच ठेवून येईन. कोणीही हाक मारू नये. तो ज्याच्याकडे जाऊन बसेल, तो त्याचा. निकाल माझ्या विरुद्ध लागला तर मी वरच्या कोणत्याही ठिकाणी दाद मागणार नाही. दिवस कोणता ते कृपया कळवावे. उत्तर लेखी मिळाल्यास बरे, तोंडी चालेल. मेहुण्यांमार्फत मात्र पाठवू नये.