सासऱ्यांना घरी आणणारी गिरणी

माझ्या थोरल्या साडूचं थोबाड आठवलं की आजही अंगाचा जाळ होतो.

सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. त्यांना पुण्याच्या दवाखान्यातून वेल्ह्याच्या वरच्या वाडीत घरी न्यायचं. पण न्यायचं कुणी? म्हाताऱ्याला घरी कुठल्या जावयानं आणलं, हे आमची सासरवाडी पुढची शंभर वर्षं चघळणार! म्हणून दोघे जावई दोन गाड्या घेऊन हजर.

क्लच दोन्हींना नाही. साडूच्या जुन्या डिझेलला खरे गिअर, फक्त ते यंत्र आपलं आपण बदलतं. माझी कोरी करकरीत सीव्हीटी. विकणाऱ्यानं माझ्याकडून घोकून घेतलेलं मी दवाखान्याच्या दारात तोऱ्यात ऐकवलं, "हिला गिअरच नाहीत. दोन पुल्या, त्यांवर पोलादी पट्टा सरकत राहतो. धक्का म्हणून बसायचा नाही."

"पुल्या आन् पट्टा?" साडू खिंकाळले. "म्हंजी गिरणीच की! मामा, दळण असंल तर तिकडं बसा, घरी जायचं असंल तर हितं."

सासरे हसले आणि चक्क साडूच्या गाडीत बसले! माझ्या वाट्याला सासूबाई, वॉकर आणि शहाळी. रागानं मी शहाळ्यांशीसुद्धा बोललो नाही.

कामथडीच्या अलीकडं साडूची गाडी थांबली. दुसऱ्या गिअरचा तिसरा पडला की हिसका, तिसऱ्याचा दुसरा झाला की धक्का. सासरे पांढरेफटक.

"पाव्हणं, मला गिरणीत बसवा. गुडघा येकेक गिअर मोजतोय माझा."

वेल्ह्यापर्यंत मी त्यांना लोण्यावरून नेलं. मग वाडीचा चढ लागला. तो असा उभा, की वर बघताना डोक्यावरची टोपी मागच्या गावात पडावी. मी पाय दाबला. इंजिन जे बोंबललं, ते तोरण्यावरच्या वानरांनी कान झाकले! आवाज शंभराचा, चाल बैलाची. साडूची गाडी तडातडा गिअर बदलत, हॉर्न वाजवत पुढं गेली. मी त्या विकणाऱ्याच्या सात पिढ्या उकरत होतो.

"वरडू द्या तिला," सासरे म्हणाले. "दुखत न्हाई."

वर पोचलो, तर साडू ओट्यावर चहा भुरकत सगळ्या वाडीला सांगतायत, "आणलं बाबा मामांना!" मेहुण्याची बायको भाकरतुकडा ओवाळायला पुढं आली. सासरे वॉकर धरून उभे राहिले आणि खणखणीत बोलले, "त्यानं कुठं? मला गिरणीनं आणलं. येक हिसका न्हाई!"

गिरणीनं! अहो, स्टिअरिंगवर मी होतो की जातं?

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर शेजारची म्हातारी नाचणीचा डबा घेऊन माझ्या गाडीपाशी उभी. "जावईबापू, जरा बारीक दळा."

ओट्यावर साडू. चहा त्यांच्या नाकातून बाहेर येत होता.