तोयोसूत शिवल्या गेलेल्या विहिणी

जपानमध्ये हिगाशी-कसाईतल्या लेक-जावयाच्या घरात दोन आयांना एकदम पुरेल एवढं स्वयंपाकघर नाही. म्हणून एका शनिवारी जावयाने आम्हा दोघींना तोयोसूच्या भरतकामाच्या वर्गाला पिटाळलं. मी मुलीची आई, शैलाताई मुलाच्या. आमटीतल्या गुळावरून आमची आठवडाभर अत्यंत नम्र धुसफूस चालू होती.

खाडीकाठच्या उंच इमारतींमधून वाट काढत सभागृहात शिरलो, तर भिंतभर रंगच रंग! शिकवणाऱ्या माय-सान (सान म्हणजे आपलं 'बाई') लाओसच्या, ह्मोंग समाजातल्या. त्यांचं पांदाउ (फुलांचं कापड) म्हणजे वरचं कापड कातरायचं, कडा दुमडायच्या आणि खालचा रंग डोकावू द्यायचा. त्यांच्या आजीचा निळा घागरा आणि मुलीने भरलेले कॅनव्हासचे बूट शेजारी शेजारी मांडले होते.

"आमच्याकडच्या गोधड्या अशाच असतात," शैलाताई म्हणाल्या.

"तुमच्याकडे सगळंच असतं," मी म्हणाले.

आम्हाला गोगलगायीची नक्षी भरायला मिळाली. "फॅमिली," नक्षीचा अर्थ सांगायला वेटोळ्यावरून बोट फिरवत माय-सान म्हणाल्या. मग चिकट भात आणि डोळ्यांत पाणी आणणारी मिरचीची चटणी खाऊन मी शैलाताईंना खेटून बसून ईर्ष्येने टाके घालत सुटले.

चहाला उठले, तर शैलाताईही उठल्या.

"बसा हो, मी आणते."

"मी कुठे उठतेय? तुम्हीच ओढताय!"

माझी गोगलगाय एका बाजूने माझ्या साडीला आणि दुसऱ्या बाजूने त्यांच्या इरकलीच्या पदराला घट्ट शिवली गेली होती. माय-सान हसून हसून खाली बसल्या आणि मग त्यांनी कात्री उचलली.

"कापा माझी गोगलगाय," मी शरमून म्हणाले.

"खबरदार!" शैलाताई कडाडल्या. "इतकी सुरेख झालीय. घरी जाऊन सावकाश उसवू."

स्टेशनच्या तिकिटाच्या स्वयंचलित फाटकातून मी पलीकडे गेले आणि त्याची दारं मिटली. शैलाताई अलीकडे, मध्ये ताणलेला पदर, आणि यंत्राची टिवटिव. "सुमिमासेन (माफ करा)," मी ओरडले. कर्मचारी धावत आला, वाकला, गोगलगाय निरखून पुन्हा वाकला आणि त्याने रुंद फाटक उघडलं. गाडीत सगळे सभ्यपणे दुसरीकडे बघत होते. आम्ही मात्र एकमेकींना धरून पोट दुखेपर्यंत हसत होतो.

पुण्यात परतल्यावर सगळे विचारतात, जपानमध्ये काय पाहिलंत? फुजी ढगात होता. विहीणबाई मात्र फार जवळून पाहिल्या.