मामीची कोरडी करंगळी

विमलमामी सकाळी देवाआधी गाडीला वाकायची. माधवगंजातल्या तिच्या दारात मामांची जुनी, काळी विलायती गाडी उभी असे. रात्री मामी तिच्या मागच्या चाकांमध्ये स्टीलचं ताट सरकवून ठेवायची आणि उजाडताच त्यात तेलाचे थेंब किती ते बघायची. "गाडी आणि तान्हं मूल, दोघांचं खालूनच कळतं," म्हणायची. मुलगा शेखर पन्नाशीला टेकला, तरी तो गाडी चालवायला बसला की ही बया शेजारी चुका काढायला हजर! मामी गेली त्याला आता वर्ष होईल.

माझ्या जुईच्या लग्नाला तिने हौसेने ती गाडी दिली. सकाळी किल्ल्यावर नवरानवरीचे फोटो काढायचे आणि मग खाली जयेंद्रगंजातलं कार्यालय गाठायचं, असं ठरलं होतं. फोटो झाले. परतताना पुढे शेखर आणि मामी, मागे जुई आणि मी बसलो. जावई आणि व्याही त्यांच्या गाडीतून मागोमाग येत होते. किल्ल्याच्या उरवाई दरवाजाचा उतार यायच्या आत मामीने हात वर केला.

"रेस सोड."

शेखरने पाय उचलला. आमच्या सीटखालून घूंऽ असा सूर निघाला.

"धर." सूर बंद. "सोड." पुन्हा घूंऽ. "थांबव गाडी."

"आई, पुरानी गाडी है, आवाज तो करेगी ना! उशीर होतोय."

"चार दिवस ताट कोरडं आहे. म्हातारी गाडी अशी एकाएकी शहाणी होत नसते."

तिने उतरून मागच्या चाकाच्या मधोमध बाटलीतलं पाणी शिंपडलं. चर्र झालं. पुढे तो उतार, एका बाजूला कातळ, आणि गाडीत माझी नवरी मुलगी.

व्याही घड्याळ बघत आले. "ताई, खाली जाऊन बघू. मुहूर्त टळेल."

"मुहूर्त टळला तर भटजी दुसरा काढतील. चाक जाम झालं तर पोरगी दुसरी कुठून आणायची?"

आणि ती सरळ गाडीखाली शिरली. मी ओरडले, "मामी, अगं शालू!" आतून उत्तर आलं, "शालू धुता येतो." मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आसाचं तेलाचं बूच पान्याने उघडून तिने करंगळी घातली. करंगळी कोरडी ठणठणीत बाहेर आली, वर जळका वास.

मामी भडकली. "राखीपौर्णिमेला तेल घालायला सांगितलं होतं. घातलंस?"

"आई, कसम से, मी स्वतः घातलं."

"खोटारडा! पोरीच्या जिवावर उठलास!"

व्याह्यांसमोर, जावयासमोर. शेखरचे कान लाल झाले. जुई रडायला लागली. मला मामीचा असा राग आला म्हणून सांगू!

मामी पुन्हा खाली गेली. मग तिने अंबाड्यातला आकडा काढून आसाच्या वरच्या बाजूला एका बारीक भोकात खुपसला. फुस्स करून गरम वाफ सुटली.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"आस तापला की आतली हवा त्या भोकातून बाहेर पडते. भोक बुजलं की ती हवा तेलाला चाकांकडे ढकलते. तेल ब्रेकवर गेलंय, म्हणून ताट कोरडं. या उतारावर ब्रेक लागले नसते." ती व्याह्यांकडे वळली. "खंडेनवमीला पूजेआधी गाडीला खालून काळा रंग मी दिला. त्या रंगाने भोक मीच बुजवलं. शेखरने तेल घातलं होतं."

मग तिने शेखरपुढे हात जोडले. त्याने ते झटकन धरले. "आई, मला पापात नको पाडूस."

"गप. बोल चारचौघांत लावला, तो चारचौघांतच उतरवायचा."

गाडी तिथेच सोडून आम्ही व्याह्यांच्या गाडीत दाटीने बसून खाली आलो. मुहूर्त कसाबसा गाठला. भटजींनी हाक दिली, "मुलीच्या मामाने मुलीला आणावं." माझा मामेभाऊ म्हणून तो मान शेखरचा. तो जुईला धरून बोहल्याकडे निघाला आणि पहिल्या रांगेत, काळ्या डागांच्या शालूत बसलेली मामी शेजारच्या अनोळखी बाईला कोपराने ढोसत मोठ्याने म्हणाली, "तो बघा, तो माझा मुलगा."