‘चहा पितायत’ नावाचं फोल्डर

सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की साउआजी काठी टेकत यायच्या, सुनेच्या, दिएपच्या खुर्चीमागे उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "आहे ना गं मी त्यात अजून?"

"आहात, आई. चहा पिताय."

"बघू."

मग दिएपला ते फोल्डर उघडून दाखवावं लागायचं. सादेक गावच्या कालव्याकाठी तिच्या दिवंगत सासऱ्यांनी थाटलेलं हे फोटोचं दुकान. लग्नाबिग्नाचे फोटो कुणीही काढतं, पण पितरांच्या देव्हाऱ्यात लावायचा फोटो काढावा तो इथेच, असा लौकिक. साठी उलटली की माणसं केस काळे करून, ठेवणीतले कपडे घालून येतात, खुर्चीत ताठ बसतात, फोटो काढतात आणि रिकाम्या हाताने घरी जातात. फोटो घरी नेत नाहीत, अपशकुन होतो. तो दुकानातच वाट बघतो. एक दिवस घरचं कुणीतरी रडत येतं, मग तो छापायचा. संगणकात म्हणून दोन फोल्डर. गेलेल्यांचं ‘निघाले’. आणि अजून असलेल्यांचं ‘चहा पितायत’. नावं सासऱ्यांनीच ठेवलेली, मोठा मिश्कील माणूस.

पण एका बाबतीत सासरे अजिबात मिश्कील नव्हते. जिवंत माणसाचा हा फोटो जगात एकाच ठिकाणी असायचा, बस. नक्कल केली की घरातून दोन शवपेट्या निघतात. वीटभट्टीवाल्याने हट्टाने स्वतःचा एक जास्तीचा काढून परदेशातल्या मुलाला पाठवला. एका आठवड्यात भट्टीवाला गेला आणि पाठोपाठ त्याचा धाकटा भाऊ. बोलाफुलाला गाठ म्हणा हवं तर. म्हणायला तुमचं काय जातंय, तुम्ही लांब बसलाय. दिएपने त्या दोन्ही पेट्या आपल्या डोळ्यांनी बघितल्या होत्या.

आणि साउआजींचं तर वेगळंच. जांभळ्या रेशमी झग्यात, काहीतरी चावट आठवल्यासारखं हसताना त्यांचा फोटो काढला होता. त्यानंतर वर्षभरात अर्धांगाचा झटका आला. चालणं सुधारलं, जीभ तर आधीपेक्षा तिखट झाली, पण तोंडाची डावी बाजू खाली लोंबली ती लोंबलीच. घरातले आरसे त्यांनी उलटे करून ठेवले. सरळ तोंडाची साउआजी आता फक्त त्या फोल्डरमध्ये उरली होती.

असं सगळं असताना एक दिवस पडद्यावर चौकट उगवली. ही सिस्टीम आता जुनी झाली, यापुढे तिची राखण होणार नाही, नवी घ्या. दिएपने ती बंद केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. ती रोज बंद करायची. कारण औषधाच्या दुकानात अशीच नवी सिस्टीम घालताना पडदा काळा पडला होता आणि सगळी गिऱ्हाइकं पुसली गेली होती. नकोच ते!

पण मग बाजारामागच्या फोटोवाल्याच्या संगणकात विषाणू शिरला. त्याची सिस्टीम हिच्याइतकीच जुनी. सगळे फोटो कुलूपबंद. बिचारा दुकानाच्या पायरीवर डोकं धरून बसलेला दिएपने बघितला. इकडे आड, तिकडे विहीर. हू तिऊच्या सूपचा वाडगा पुढे ठेवला तर शेवया फुगून गार व्हायच्या, घास उतरायचा नाही. कुणाचा फोटो पुसला गेला तर त्या घरी काय सांगणार? तुमच्या आईला रिकाम्या चौकटीत बसवा?

शेवटी तिने लुआनला बोलावलं. गावभरचे संगणक दुरुस्त करणारा, फटफटीवरूनच बोलायला सुरुवात करणारा गडी.

"सोपं आहे, ताई. आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर कॉपी करू, मग नवी सिस्टीम. काही बिघडलं तर कॉपी आहेच."

"गेलेल्यांची कर. चहा पिणाऱ्यांची नाही होणार."

लुआन हसला. मग त्याला आठवलं, आपली आईपण त्याच फोल्डरमध्ये आहे. हसू जागच्या जागी विरलं.

"मग कॉपीशिवाय करू?"

"तेही नको."

"ताई, मग मी काय ओंग दियासमोर भजन म्हणू?"

ओंग दिया म्हणजे दाराशी जमिनीवर बसलेला, सुटलेल्या पोटाचा भूमिदेव. साउआजी त्याच्यापुढे नैवेद्याची काळी कॉफी ठेवत होत्या. तिथूनच त्या म्हणाल्या, "अरे, कॉपी नाही करायची तर हलवा ना! माणूस या घरातून त्या घरात जातो, तेव्हा दोन होतो का?"

फोटो उचलून डिस्कवर न्यायचे. इथे उरणार नाहीत, एकाच ठिकाणी राहतील. नियमही मोडत नाही. लुआनने मान खाजवली. "हलवताना मध्येच काही झालं, तर मागे काहीच नसतं बरं, आजी."

"मग नीट हलव. आणि मला शेवटी. लोकांची ठेव आधी."

भर दुपार होती, गल्ली झोपलेली. शटर अर्धं ओढून तिघं बसली. हिरवी पट्टी सरकू लागली तशी दिएपने खुर्चीची कड घट्ट धरली. माणसं पलीकडे पोचत होती: शिंपीणकाकू, फुलांच्या रोपांवाले म्हातारे, लुआनची आई. सगळी पोचली. मग साउआजींची पाळी आली.

आणि पंखा थांबला. दिवा गेला. पडदा काळा.

"अगं बाई!" दिएप किंचाळली.

वीज आल्यावर लुआनने डिस्क तपासली. सगळे नीट होते. शेवटचा उघडेना. त्याने हरप्रकारे खटपट केली, कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला. "इथून निघाला होता," तो खाली बघत म्हणाला, "तिथे पुरता पोचला नाही."

दिएपला रडू कोसळलं. साउआजींनी काठी आपटली. "रडतेस काय? बाकीचे पोचलेत ना? मग घाल ती नवी सिस्टीम. माझ्यापायी गावाला टांगून ठेवू नकोस."

नवी सिस्टीम बिनबोभाट बसली. चहा पिणारे सगळे डिस्कवरून घरी परतले, एकाच ठिकाणी, एक सोडून.

दुसऱ्या दिवशी साउआजी आल्या त्या जांभळा झगा घालून. काही न विचारता फोटोच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"काढ."

"आई, दुसऱ्यांदा बसत नाहीत. मरणाला बोलावणं धाडल्यासारखं होतं."

"काढ म्हणते ना! तोंड वाकडं आहे, दिसतंय मला. नातवंडांनी हेच बघितलंय. सरळ तोंडाची बाई देव्हाऱ्यात लावलीत तर पोरं म्हणतील, ही कोण भलतीच?"

दिएपने कॅमेरा उचलला. फोटो निघाला. एका बाजूने हसणारी, दुसऱ्या बाजूने खचलेली म्हातारी.

"आता याची नक्कल कर. डिस्कवर."

"आई!"

"ऐकून घे. मला मरणाची भीती नाही गं. काल दिवा गेला तेव्हा कळलं, मला पुसलं जाण्याची भीती वाटते." मग त्यांनी नाक पुसलं. "आणि दोन पेट्यांचं म्हणशील तर एक तुझ्या सासऱ्यांची कधीच गेली. दुसरी माझी. झाल्या दोन. घरातल्या कुणाला धक्का नाही."

दिएपने नक्कल केली. बटण दाबताना डोळे मिटून घेतले होते.

साउआजी आता रोज सकाळी विचारत नाहीत. आल्या की सरळ ओंग दियाच्या कॉफीकडे वळतात. पण दिएप शटरला हात लावून उभी असते, कान मागे लावून. काठीचा आवाज आल्याशिवाय तिच्याच्याने शटर वर करवत नाही.