ट्रक सुरू होईपर्यंत

सासूबाई गेल्यापासून सासऱ्यांनी तोंडाला जणू कुलूपच लावलं होतं. जन्मभर क्रेन चालवलेला हा माणूस घरात बोलायचा तो फक्त कंप्युटरवरच्या ट्रकच्या खेळात. सून ट्रक चालवायची आणि ते शेजारी बसून टोमणे मारायचे.

कंप्युटरची जुनी सिस्टीम आता सुरक्षित राहिली नव्हती, म्हणून सुनेने लिनक्स ही फुकट मिळणारी दुसरी सिस्टीम टाकायला घेतली. "ताई, बिलं भर, खेळ खेळ, सगळं चालतं त्यावर," तिचा भाऊ फोनवर म्हणाला होता. पण डिस्क पुसण्याचं बटण दाबलं आणि मग तिच्या मनात आलं, खेळ चाललाच नाही तर? घरातला तेवढा एक आवाज आपणच आपल्या हाताने पुसलेला असेल.

काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावू लागल्या. सासरे येऊन खुर्चीत बसले. त्या ओळींकडे बघत राहिले.

दुपार कलली तेव्हा कुठे खेळ नेटवरून पुन्हा उतरवून झाला. चित्र आलं आणि लगेच गेलं. भावाला विचारून तिने सेटिंगमध्ये एक खूण केली आणि पुन्हा बटण दाबलं.

ट्रक रस्त्यावर आला खरा, पण ती पडद्याऐवजी सासऱ्यांकडे बघत होती आणि पहिल्याच वळणावर तो भिंतीवर आदळला.

शेजारची खुर्ची करकरली.

"सूनबाई, भिंतीने काय घोडं मारलंय तुझं?"

"काही नाही बाबा," ती म्हणाली. तिने ट्रक मागे घेतला आणि पुन्हा रस्त्यावर आणला.